दमलेल्या आईसाठीचं पुस्तक

मावशी, तुझ्या तेराव्याला पवारकाकू सगळ्यांत मोठ्यांदा रडल्या. पुढच्या सोप्यात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी तोंडाला पदर लावला आणि तुझ्या फोटोसमोर बसून म्हणाल्या, "अशी आई होणे नाही गं बाई! लेकराला घरात शिकवून शहाणं केलंस!" मग पंगतीला बसल्या. खीर दुसऱ्यांदा मागून घेतली. वाढायला मीच होते. त्यांच्या वाटीत खीर ओतताना मला किळस आली. याच बाईंनी तुझ्या सुमनविरुद्ध शाळेत अर्ज दिला होता, की आमची शैला त्या फिट येणाऱ्या मुलीशेजारी बसणार नाही. आणि पुढच्याच जूनमध्ये शैलाची जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत तुलाच विकली होती.

तू असतीस तर "काय पवारीणबाई, खीर गोड झालीया न्हवं?" एवढंच म्हणाली असतीस. पण ते अशा आवाजात, की त्यांना वाटी खाली ठेवावी लागली असती.

आता सगळे तुला आदर्श माता म्हणतात. शब्द कानावर पडला की मला किळस येते. तू जिवंत असताना हेच लोक तुला काय म्हणायचे ते मी तुझ्या जिन्यात, नळावर, भाजीवाल्यासमोर ऐकलंय. मी कमी बोलते, म्हणून लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. त्यांना वाटतं कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला त्यांचं मराठी कळत नाही. "अडत्याची बायको पोरीला घरात कोंडून बॅरिस्टर कराय लागलीया." हे त्यातल्या त्यात बरं वाक्य.

सुमनला वर्गात फिट आली ती दुसरीत असताना. तू मला ते एकदाच सांगितलंस. शाळेचा निरोप आला, तू शाहूपुरीतून तशीच स्वयंपाकाच्या लुगड्यावर पळत गेलीस. पोचलीस तेव्हा ती शुद्धीवर आली होती, फ्रॉक ओला झाला होता आणि सगळा वर्ग गोल करून बघत उभा होता. बाईंनी तिच्या नाकाला चप्पल लावून धरली होती. एवढं सांगून तू पुढची भाकरी थापलीस. मग म्हणालीस, "कुनाची चप्पल हुती कुनास ठाव. रस्त्यानं फिरलेली." अजून मला त्या शाळेच्या फाटकासमोरून जाताना आधी ती चप्पल दिसते.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुलगी हुशार आहे, गोळ्या चुकवू नका, फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात-नाकात काही घालू नका, विस्तवापासून लांब ठेवा आणि शाळेत घाला. शाळेनं सांगितलं, डॉक्टरांकडं न्या. अशी तू दोघांच्या मधे उभी राहिलीस, आणि मग सुमनला घेऊन घरी आलीस.

घरात शिकवायचं ठरवलंस, पण कशावरून? दुकानादुकानांत जाऊन विचारायचीस, "पोरीला घरात शिकवायचंय, आईला उपेगी पडंल असं एखादं पुस्तक द्या." एकानं रुचकर पदार्थांचं पुस्तक पुढं केलं. दुसऱ्यानं तान्ह्या बाळाच्या संगोपनाचं. तिसऱ्यानं गाईड दिलं आणि वर म्हणाला, "बाई, एवढी हौस हाय तर मास्तर का ठेवत न्हाई?" हे सांगताना तू हसायचीस. मला हसू येत नसे. मुलांना शिकवणं हे आईचं काम आहे असं भाषणात सांगणाऱ्या या गावात, आईला उपयोगी पडेल असं एक पुस्तक नव्हतं.

मग जुन्या बाजारात तुला ते जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. कोणी मिशनच्या मडमबाई आपल्या देशी परत गेल्या, त्यांच्या सामानातलं. घरी मुलांना शिकवणाऱ्या आयांसाठीच लिहिलेलं. तुला इंग्रजी वाचता यायचं, पण अडखळत. तू माझ्या आईला निरोप धाडलास, "आमची मडम कवा उपेगी पडनार? शनवारी धाडून दे."

मी तेव्हा नववीत होते. घरी मी विचारलं तेवढंच उत्तर द्यायची. शाळेत त्याहून कमी. तुझ्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसायची, इंग्रजी पान मनात वाचायची आणि तुला मराठीत सांगायची. न थांबता, तासभर. माझ्या तोंडून इतकं मराठी तोवर कोणीच ऐकलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. मला बोलायला तू शिकवलंस, आणि तेही शिकवते आहेस असं न दाखवता.

त्या पुस्तकानं तुला किती छळलं! "शिकवण्याच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी असावी. आईने सकाळी एकटीने शांत बसून दिवसाचा पाठ मनाशी आखावा." मी वाचून सांगितलं, तशी तू परातीतून हात काढलास.

"सकाळी? येकटीनं? हिला दूध तापवायचं नसतंय व्हय?"

"तिच्याकडे स्वयंपाकीण आहे, मावशी. मागच्या प्रकरणात आहे."

"मग तिच्या स्वयंपाकिणीची पोरं कोन शिकवतंय? ते हाय का कुठल्या प्रकरनात?"

एका चित्रात गालिच्यावर मूल ठोकळे मांडत होतं आणि शेजारी कुत्रं झोपलं होतं. तू म्हणालीस, "कुत्र्याचीबी शिकवनी चाललीया वाटतं." मी खूप हसले. पण घरी जाताना मला त्या पुस्तकाची शिसारी आली. तोवर मी अशा चित्रांतल्या घरांना खरं मानत होते. आमच्या शाळेतली सगळी पुस्तकं त्याच घरांतून आलेली होती.

शिक्षकांच्या ट्रेनिंगचं एक मराठी पुस्तकही तू मिळवलंस. त्यात पानोपानी "वर्गाचे चार गट पाडावेत" असं होतं. तू सुमनला समोर उभी केलीस, आपादमस्तक न्याहाळलंस आणि मला विचारलंस, "हिचं चार गट कसं पाडू गं?" सुमन हसून हसून खाली बसली.

पण एक गोष्ट इंग्रजी पुस्तकातली तुला पटली होती. खरखरीत कागदाची अक्षरं कापायची आणि मुलाला त्यावरून बोट फिरवायला द्यायचं. गोळ्यांमुळं सुमन वाचलेलं विसरायची. बोटाला लक्षात राहील, असं तुला वाटलं. तू सुताराकडून पॉलिश पेपर आणलास. तो इतका जाड निघाला की संध्याकाळपर्यंत पोरीचं बोट सोलून लाल झालं. दुसऱ्या दिवशी तू पुठ्ठ्यावर खळीनं अक्षरं काढलीस आणि वरून रवा भुरभुरवलास. सुंदर झाली होती. सकाळी उठून बघतो तर प्रत्येक अक्षरावर मुंग्या. सुमन ओरडली, "आई, क चालाय लागला! ह्यो बघ, ख बी निघाला!" आणि मुंग्यांच्या मागून बोट फिरवत तिनं सगळी बाराखडी म्हटली.

त्या दिवशी तू ते पान पुस्तकातून टर्रकन फाडलंस आणि फडताळाच्या दारावर चिकटवलंस. मला धक्का बसला. आमच्या शाळेत पुस्तकाचा कोपरा दुमडला तर हातावर पट्टी बसायची.

"मावशी, पुस्तक फाडायचं? पूर्ण पद्धत समजून घेतल्याशिवाय एकेक पान कसं वापरता येईल?"

"नीलू, हे पुस्तक हुशार बायकांसाठी हाय. दमलेल्या बायकांसाठी कुनी लिवत न्हाई. दमलेल्या बाईला आख्खं पुस्तक लागत न्हाई. त्या दिवसाचं एक पान लागतंय."

"पण बाकीचं पुस्तक वाया गेलं ना."

"मग तू लिही की. दमलेल्या आयांसाठी. मराठीत."

"मी काय लिहिणार?"

"मग गप बस आनि पुढचं पान सांग."

हा वाद आपण चार वर्षं घातला आणि तो तसाच राहिला. मला अजूनही वाटतं की तू पुष्कळ चांगली पानं न वाचता टाकलीस. हे तू गेलीस म्हणून मी बदलणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं.

शेवटी सगळ्यांत उपयोगी पडली ती दुसऱ्यांची वापरलेली क्रमिक पुस्तकं. दर जूनमध्ये वरच्या वर्गात गेलेल्या मुलांकडून तू ती घ्यायचीस. कव्हर नसलेली, शाईचे डाग पडलेली, पहिल्या पानावर आधीच्या मुलाचं नाव असलेली. माझी पुस्तकं कायम नवी, तपकिरी कागदात घातलेली, म्हणून मला त्यांचा वास नकोसा व्हायचा. सुमनला नाही. तिनं त्या नावांचा वर्ग केला होता. शैला पवार गणितात कच्ची, कारण तिची सगळी उत्तरं खोडलेली. विलास माने खोडकर, त्यानं राजांना चष्मे काढलेत. "विलासला हे येत न्हाई, मला येतंय," असं ती तुला सांगायची, आणि तू म्हणायचीस, "मग सांग की त्याला." ती भिंतीकडं तोंड करून त्याला समजावून सांगायची. तू ऐकत असायचीस. जिला शैलाच्या शेजारी बसू दिलं नाही ती शैलाचं गणित रोज दुरुस्त करत होती.

आणि दर जूनमध्ये तू आणखी एक गोष्ट करायचीस, ती मला सहन व्हायची नाही. सुमनला शाळेच्या रंगाचा फ्रॉक घालून, दोन वेण्या घट्ट बांधून, तू तिला त्याच शाळेत घेऊन जायचीस. हेडमास्तर खुर्ची द्यायचे. गोड बोलायचे. "वहिनी, पुढच्या वर्षी बघू. पालकांच्या भावना असतात." तू परत यायचीस, फ्रॉक धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवायचीस. गेल्या जूनमध्ये मी न राहवून बोलले.

"कशाला जातेस त्या लोकांच्या दारात? घरी त्यांच्यापेक्षा चांगलं शिकतेय ती. त्या इंग्रजी पुस्तकातसुद्धा लिहिलंय, घरासारखी शाळा नाही."

तू एकदम चिडलीस. "तुला काय गं जातंय बोलायला? तुला शाळा मिळाली. म्या शाळा सोडली न्हाई, शाळंनं आमाला सोडलं. घरात शिकवतो ते हौस म्हनून न्हवं. आनि समदं शिकवीन मी पुस्तकातनं, पर मैत्रीण कुठल्या पुस्तकातनं काढू? सांग की! हाय का तुझ्या मडमेच्या पुस्तकात?"

नव्हती. मी पुस्तक मिटलं. नंतर तू मला चहा दिलास, नेहमीपेक्षा गोड. त्यावर आपण पुन्हा बोललो नाही.

दिवाळीच्या तोंडावर तुला कावीळ झाली. लोकांनी औषध म्हणून तुझ्या गळ्यात कसली मुळ्यांची माळ घातली, ती मी बघितली. डॉक्टर उशिरा आले. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, कारण लिहायला लागले तर अण्णांचं नाव घ्यावं लागेल, आणि तुझ्या नवऱ्याला मी बोललेलं तुला खपायचं नाही.

हुपरीहून अण्णांची मोठी बहीण आली. आक्का. तेव्हापासून घर तीच बघते. ती वाईट नाही. सुमनला जवळ घेऊन निजते. पण तुझा दहावा व्हायच्या आतच मी दुपारी आले, तर सुमन पेटलेल्या चुलीसमोर बसून भाकरी भाजत होती. चार वर्षं तू तिला स्टोव्हच्या आसपास फिरकू दिलं नव्हतंस.

"आक्का, तिला विस्तवाजवळ बसवायचं नाही. डॉक्टरांनी—"

"डाक्टर काय जल्मभर भाकरी घालनार हाय हिला? पुस्तकं वाचून कुनी करून घेनार न्हाई बाई. ऊठ म्हनू नगंस, जरा शिकू दे."

मी सुमनला उठवलं. पण दुसऱ्या दिवशी सुमन परत तिथंच होती. तुझी फडताळावरची पानं आक्कानं खरवडून काढली होती. दार घासून स्वच्छ केलं होतं. तिनं ते मला कौतुकानं दाखवलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आले. तेच. बरोबर शिपाई आणि एक रिकामं पोतं. सोप्यात बसून ते अण्णांना म्हणाले, "आमच्या वाचनालयात वहिनींच्या नावानं एक कपाट करू. घरी शिक्षण देणाऱ्या मातेचा ग्रंथसंग्रह. बोर्ड रंगवायला दिलाय." अण्णांचे डोळे भरून आले. त्यांना ते खरोखरच मोठं वाटलं. गुळाच्या पेठेत कुणी त्यांच्या बायकोचं नाव बोर्डावर लावलं नव्हतं.

शिपायानं पुस्तकं बाहेर आणली. हेडमास्तर एकेक उचलून चाळत होते, दोन बोटांत धरून. तेलाचे डाग, हळद, फाटकी पानं. "हे काढा. हेही काढा. इंग्रजी तेवढं वर ठेवा, दिसायला बरं." सुमनची गणिताची, भूगोलाची पुस्तकं त्यांनी पोत्यात टाकायला सांगितली, कारण ती चालू अभ्यासक्रमातली होती, गरीब मुलांना उपयोगी पडतील. चपलेच्या घटनेनंतर चार वर्षं ज्यांनी सुमनला दारातून परत पाठवलं, तेच हात तिची पुस्तकं निवडत होते, तांदळातले खडे निवडावेत तसे.

"सर," मी म्हटलं. परत मोठ्यांदा म्हटलं. "सर, ती पुस्तकं सुमन वापरते."

ते हसले. "अगं हो, पण आता शिकवणार कोण तिला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सोपा भरलेला होता. मावशी, मला माणसांनी असं एकदम बघितलेलं सोसत नाही, तुला माहीत आहे.

"मी," मी म्हटलं.

"तुझं कॉलेज?"

"दुपारी सुटतं."

आक्का आतून म्हणाली, "पोरगी फिट येऊन पडली तर ही काय करनार? हिलाच धराय लागंल." कुणीतरी हसलं. ते खरं होतं. सुमनला फिट आली की तिच्याजवळ तू असायचीस. मी नेहमी दारापाशी असायची.

तेवढ्यात सुमन पुढं आली. तिनं पोत्यात हात घालून भूगोल काढला आणि हेडमास्तरांसमोर उभी राहिली.

"पुस्तकं न्हेताय, तर मलाबी न्ह्या की शाळंत."

"बाळ, तुझी तब्येत—"

"माझी तब्येत चालत न्हाई आनि माझी पुस्तकं चालत्यात व्हय?"

अण्णा उठले. इतका वेळ ते उपरण्यानं डोळे पुसत होते. त्यांनी शिपायाच्या हातातलं पोतं घेतलं, तिथंच जमिनीवर पालथं केलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सर." बस्स, एवढंच. तुझा नवरा चार वर्षांत याहून जास्त बोलला नव्हता. हेडमास्तरांनी चहा मात्र पुरता संपवला. बशीतलासुद्धा.

दोन दिवसांनी स्थानिक पेपरात बातमी आली, की आदर्श मातेचा ग्रंथसंग्रह शाळेस सप्रेम भेट. बातमी आधीच देऊन ठेवली असणार. अण्णांनी ती मला दाखवली आणि विचारलं, "खोटं हाय हे कळवावं का?" मी म्हटलं, कळवा. ते कळवतील असं मला वाटत नाही. पवारकाकूंनी कात्रण काढून ठेवलंय असं ऐकते.

तेव्हापासून मी रोज येते. शिकवताना मला पहिल्यांदा कळलं, की तू किती दमत असशील. एका बेरजेला अर्धी दुपार जाते. मी सकाळी एकटी बसून पाठ आखून येते, आणि सुमन पहिल्याच प्रश्नाला तो मोडते. आक्काशी माझा करार झालाय की भाकरी तिनं पीठ मळण्यापर्यंत शिकवायची, सुमनला विस्तवाकडं न्यायचं नाही. ती पाळते, कधी कधी.

काल भूगोल चालला होता. आपल्या जिल्ह्यातल्या नद्या. सुमन नकाशावर बोट ठेवून पंचगंगा वाचत होती आणि तिचा आवाज वाक्यात मधेच थांबला. मान एका बाजूला ओढली गेली. मला कळलं. मी शाईची दौत आणि पाट लांब सारला, तिला कुशीवर वळवलं, मानेखाली माझी ओढणी दिली. ती थडथडत होती. तोंडातून फेस आला, तो मी हातानं पुसला, आणि मावशी, आयुष्यात इतक्या गोष्टींची किळस येणाऱ्या मला त्याची किळस आली नाही. दारात आक्का उभी होती, हातात फोडलेला कांदा घेऊन.

"आक्का, तो आत ठेवा."

तिनं माझ्याकडं बघितलं. आत गेली. परत आली ती पाण्याचा तांब्या आणि कोरडा परकर घेऊन.

फार वेळानं सुमननं डोळे उघडले. छताकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. नंतर भोवताली चाचपडत तिनं पुस्तक शोधलं.

"कुठवर आलतो?"

"पंचगंगेपर्यंत," मी म्हटलं. "आज राहू दे. उद्या वाचू."

"न्हाई," ती म्हणाली आणि माझ्या खांद्याला धरून उठून बसली. "अजून किष्णेला मिळायची ऱ्हायलीया."